तुझं पागोटं आणि आपलं बेट

मोठा माणूस जातो तेव्हा नदीसुद्धा क्षणभर थांबते.

नथू, तुझ्या शोकसभेत हे वाक्य तालुक्याहून आलेल्या वकीलसाहेबांनी म्हटलं आणि मग ते स्वतःही क्षणभर थांबले, लोकांवर काय परिणाम झाला ते पाहायला. मी तिसऱ्या रांगेत होतो. तू गेलास त्या सकाळी मी तापीच्या काठावरच उभा होतो, म्हणून खात्रीनं सांगतो, ती थांबली नाही. फाल्गुनातली नदी, जागोजागी गुडघाभर. तिला थांबायचंच असतं तर कोणी अडवलं नसतं. पण ती आपली बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून प्रकाशा गावाच्या दिशेनं निघून गेली. बेटावर पाखरं ओरडत होती. तो शोक असेल तर गेली बारा वर्षं तो दर उन्हाळ्यात चालू आहे.

वकीलसाहेबांनी तुला ‘तापीपुत्र’ म्हटलं, ‘पक्ष्यांचा कैवारी’ म्हटलं. तुझा एकट्याचा फोटो कुणाकडेच नाही, म्हणून प्रांतसाहेब आले होते तेव्हाचा सगळ्यांचा फोटो खुर्चीवर ठेवला होता. त्यात मधोमध तू आहेस, कडेला मी. माझी टोपी अर्धीच आली आहे. फोटोला हार घातला तेव्हा हाराचं एक टोक बरोबर माझ्या तोंडावरून गेलं. सभा संपेपर्यंत मी त्या झेंडूंच्या मागे होतो.

दुःख झालं होतंच, नाही असं नाही. पण तिसऱ्या रांगेत बसून मी काय करत होतो ते तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मी तुझ्यावर जळत होतो. मेलेल्या माणसावर जळणं हे कुठल्याही पुस्तकात चांगलं मानलेलं नाही. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, त्यामुळे हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

पहिली गोष्ट, ती पाखरं आधी मी पाहिली. हे कुणीतरी सभेत सांगायला हवं होतं. पाणी उतरून बेट उघडं पडलं की वाळूत उथळ खळगी करून ती अंडी घालतात, अंडी वाळूच्याच रंगाची असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत, हे मी एका सुट्टीत पालथा पडून पाहिलं आणि तुला ओढत नेऊन दाखवलं. ‘सुरय’ हे नावही मीच पुस्तकातून काढलं. तू वाळूत उकिडवा बसून एक पाखरू नीट न्याहाळलंस. त्याच्या डोक्यावरचा काळा भाग, पिवळीधमक चोच, दुभंगलेलं शेपूट. मग माझ्याकडे पाहिलंस.

“काळी टोपी, पिवळी चोच, नी दिवसभर आरडस,” तू म्हणालास. “हाई तं मास्तर शे!”

झालं. पुस्तकातलं नाव पुस्तकात राहिलं. गावात आजही त्यांना मास्तर-पाखरं म्हणतात. आपण एका पाटीवर मुळाक्षरं गिरवली, पुढे मी शिकवायला लागलो आणि तू शेत धरलंस. मी शाळेतलं मराठी बोलत राहिलो, तू घरचं. लोकांच्या तोंडी नेहमी तुझंच राहिलं.

दुसरी गोष्ट. बेट राखून ठेवावं ही कल्पनाही माझीच. एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून जुनी इंग्रजी मासिकं माझ्याकडे येत. त्यातल्या एकात समुद्रातल्या बेटांबद्दल लेख होता. तिकडे काही बेटं म्हणे पाखरांसाठी राखीव ठेवली आहेत. पाहायला जाणाऱ्यानं आधी परवानगी काढायची, होडीतून जायचं, आखून दिलेल्या वाटेनंच चालायचं, आणि विणीच्या दिवसांत तेही नाही. तो लेख मी तुझ्या ओट्यावर बसून तुला वाक्यावाक्याचा अर्थ सांगत वाचून दाखवला. सगळं ऐकून तू एकच प्रश्न विचारलास.

“तठे डांगरे व्हतस का?”

मी म्हटलं, “नाही. डांगरं, टरबुजं तिकडच्या वाळूत होत नाहीत.”

“मंग सोपं शे,” तू म्हणालास.

सगळी अडचण तू तिथल्या तिथे सांगून टाकली होतीस, पण मला ती कळायला दोन वर्षं लागली. पाणी उतरलं की आपल्याकडची माणसं वाळूत डांगरवाडी करतात. खड्डे खणायचे, खत घालायचं, वेल लावायचे. पाखरांना जी वाळू लागते तीच डांगरांनाही, आणि महिनेही तेच. मासिकातल्या बेटांवर पाखरांचं भांडण फक्त वाऱ्याशी होतं.

मी अर्ज केले. ‘तापी नदीच्या पात्रातील बेट पक्ष्यांकरिता राखीव व्हावे’ असे स्वच्छ बाळबोध अक्षरातले पाच अर्ज. कचेरीनं पहिला जंगलखात्याकडे पाठवला. तिथून उत्तर आलं की नदीचं पात्र हे जंगल नव्हे. दुसऱ्यावर विचारणा झाली की बेटाचा नंबर कोणता. आता आपलं बेट श्रावणात बुडतं आणि मार्गशीर्षात वर येतं, ते दरवेळी थोडं सरकून. त्याला नंबर कोण देणार? तसं मी तिसऱ्या अर्जात लिहिलं. चौथ्याला उत्तर आलं नाही. पाचव्याचं आलं: अशा बेटाची तालुक्याच्या नकाशात नोंद आढळत नाही, सबब ते राखीव करण्याचा अथवा न करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

त्या वर्षी तू होळीला डोंगरातल्या काठी गावाला गेला होतास. तिकडचा तुझा एक ओळखीचा गडी होता, त्यानं बोलावलं होतं. सातपुड्यातून चार दिवसांनी उतरलास तो सरळ शाळेत आलास. पोरं पाढे म्हणत होती. तू दारातच बसलास आणि सांगायला लागलास. होळीचा नवस घेतलेली माणसं तिकडे किती कडक राहतात, खाटेवर निजत नाहीत, पायात काही घालत नाहीत, कुणी त्यांच्यावर पहारा ठेवत नाही तरी मोडत नाहीत. पाळणूक म्हणतात म्हणे.

“मास्तर, तुन्हा अर्ज साहेब वाचस नी ठी देस. पाळणूक कोन्ही वाचत नही, पन पाळस,” तू म्हणालास. मग शाळेच्या पायरीकडे बोट केलंस. “ती फुटेल पायरी मले दे.”

पावसात निखळलेली पायरी होती, एका कोपऱ्यावर पाथरवटाच्या टाकीची खूण असलेली. मी दिली. कशाला हवी ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू ती सुका नावाड्याच्या होडीत घालून बेटावर नेलीस, वाळूत उभी केलीस, तेल-शेंदूर लावलास, वहाणा काढून हात जोडलेस आणि परत होडीत येऊन बसलास. सुकानं विचारलं, काय आहे. तू काही बोलला नाहीस.

खोटं असं एक अक्षर तू उच्चारलं नाहीस, हे मला मान्य केलं पाहिजे. बाकीचं सगळं सुकानं केलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की नथूला पाण्यातल्या आसरा दिसल्या, सातही जणी, ओल्या केसांनी. होळीपासून नदीला पहिला पूर येईपर्यंत त्या दगडापलीकडे पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा शब्द आहे. शब्द कुणी ऐकला, कुणाला दिला, हे कुणी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात बेटावर एकही वेल लागला नाही. पाखरांची वाळूच्या रंगाची पिल्लं किनाऱ्यावर पळताना मी काठावरून पाहिली. माझे पाच अर्ज आणि तुझी एक पायरी. आणि तीही माझ्या शाळेची.

तेव्हापासून तू लोकांना बेट दाखवायला लागलास. ते दाखवणं मात्र सगळं माझ्या मासिकातलं होतं. होडीतून एक फेरी, मग एकाच ठिकाणी उतरायचं, कपाशीच्या पळाट्यांच्या कुडामागे बसायचं, बोलायचं नाही. प्रकाशाला दर्शनाला आलेले लोक वाट वाकडी करून येत. खांडबाऱ्याहून एक शिक्षक आपली पोरं घेऊन नंदुरबारपर्यंत आगगाडीनं आणि पुढे बैलगाडीनं आले. मी शाळेच्या ओट्यावर उभा होतो. त्यांनी मला विचारलं, “पाखरंवाले नथूभाऊ कुठे राहतात?” मी बोटानं घर दाखवलं. एवढाच माझा त्यांच्या सहलीला उपयोग झाला.

या सगळ्यात ती एक गोष्ट होतीच, जिच्यावरून आपण अखेरपर्यंत भांडलो. कुडाच्या पुढे गेलं की पाखरं अंगावर येत. वरून सुरीसारखी खाली यायची आणि टोपीला चाटून जायची. माझ्या टोपीवर चोचीच्या खुणा आहेत. सुकाच्या डोक्यातून एकदा रक्त आलं. तू मात्र खुशाल चालत जायचास, ती वर घिरट्या घालायची, ओरडायची, पण खाली येत नसत.

“पाखरे मले वळखतस,” तू म्हणायचास.

मी म्हणायचो, “पाखरांना माणूस ओळखता येत नाही. त्यांना तुझं लाल पागोटं ओळखू येतं. एवढं मोठं गाठोडं डोक्यावर घेऊन दुसरं कोण फिरतं?”

“मंग घाल ना मन्हं पागोटं. जाय, देखी ये.”

निकाल लावायला एक सकाळ पुरली असती. पण मी मास्तर. पोरांच्या बापांसमोर लाल पागोटं बांधून नदीत उतरणं मला जमण्यासारखं नव्हतं. तूही काही उघड्या डोक्यानं घराबाहेर पडणारा नव्हतास. त्यामुळे दर उन्हाळ्यात आपण तेच भांडलो, त्याच शब्दांत, आणि मला वाटतं दोघांनाही ते भांडण संपवायचं नव्हतं. मला हरायची भीती होती. तुला कशाची होती ते विचारायचं राहिलं.

मग प्रांतसाहेब आले. त्यांना बेट पाहायचं नव्हतं, बेटाच्या टोकाला ऊन खात पडणारी मगर मारायची होती. बरोबर बंदूक, मडम, शिपाई, दोन पाटील आणि एक फोटो काढणारा. मी दुभाष्या म्हणून. होडी वाळूला लागली, साहेब बंदूक घेऊन उतरले आणि तू दगडाशी जाऊन उभा राहिलास.

“साहेब, आठे बंदूक चालत नही,” तू म्हणालास. “हाई पाखरेस्नं घर शे.”

दोन्ही पाटलांचे चेहरे पांढरे पडले. मी भाषांतर करायला पुढे झालो. आता ‘चालत नही’ हे साहेबाला तसंच्या तसं कसं सांगणार? मी चांगल्या इंग्रजीत तीन वाक्यं केली. हे बेट इथल्या रयतेनं आपण होऊन पाखरांना दिलेलं आहे. जगात जिथे जिथे सुधारलेली माणसं राहतात तिथे अशी बेटं आहेत. हुजुरांनी मान राखला तर रयत तो विसरणार नाही. बोलताना माझाच मला अभिमान वाटत होता.

साहेबांनी बंदूक शिपायाकडे दिली आणि होडीत ठेवायला सांगितली. तेवढ्यात दोन पाखरं त्यांच्या हॅटवर आली, साहेब खाली वाकले, मडम हसली, आणि तू त्या सगळ्यांच्या मधून सावकाश चालत जाऊन एक घरटं लांबून दाखवलंस. एकही पाखरू तुझ्याकडे आलं नाही. साहेब पुढे आले आणि तुझा हात हातात घेऊन म्हणाले की इतके थोर विचार इतक्या थोडक्या शब्दांत मांडणारा शेतकरी त्यांनी पाहिला नव्हता.

मी त्याचंही भाषांतर करून तुला सांगितलं.

“काय म्हने?” तू विचारलंस.

“तुझं भाषण आवडलं.”

“मी कथं भाषन करं?” तू खरोखरच चकित झाला होतास. ते तर मला अजूनच लागलं. मग फोटो निघाला. तो तुला माहीत आहे.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही, ते सांगतो. साहेबांना काठावर पोचवून मी आणि सुका होडी लावत होतो. सुका तुझं कौतुक करत होता. आसरा नथूभाऊंच्या पाठीशी आहेत, म्हणून साहेबाची बंदूक खाली आली, वगैरे. मी ऐकून घेतलं, आणखी थोडं ऐकून घेतलं, आणि मग म्हणालो, “सुका, तो दगड माझ्या शाळेची फुटकी पायरी आहे. शेंदूर खरवडून पाहा. कोपऱ्यात टाकीची खूण आहे.”

एवढंच. मी शास्त्रीय दृष्टीनं बोललो, अशी माझी त्या वेळी समजूत होती. मी आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध बोलत आलो. पण बारा महिने गप्प राहून मी नेमका त्याच संध्याकाळी बुवाबाजीविरुद्ध का बोललो, हे मला ठाऊक आहे.

पुढच्या होळीनंतर आठच दिवसांत गावातल्या भावडू वाडीवाल्यानं बेटावर डांगरवाडी लावली. मी त्याला काठावर गाठून म्हटलं, “अरे, तिथे पाळणूक आहे.”

“पायरीनी का पाळणूक?” भावडू म्हणाला. उद्धटपणे नाही, हिशेबी माणसासारखा. “देव नही तं वाळू कोनी? पानीनी. पानी ईन तवय मी वाडी उचली लिसू.”

त्याचा युक्तिवाद माझाच होता. मी बेटावर गेलो. खड्ड्यांच्या रांगांमधून फुटलेली अंडी होती. एक पाखरू खत टाकलेल्या जागी येऊन बसत होतं, उठत होतं, पुन्हा तिथेच बसत होतं. त्या दिवशी ती माझ्या टोपीवरही आली नाहीत. मी घरी येऊन शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या. एकही चूक सोडली नाही.

तू भावडूशी भांडला नाहीस. काठालगतची तुझी मळईची, नदीच्या गाळाची पट्टी, दर उन्हाळ्यात तू स्वतः काकड्या करायचास ती, त्याला देऊन टाकलीस, बेट सोडायच्या बोलीवर. मग पायातल्या वहाणा काढून घराच्या आढ्याला टांगल्यास, बेटाच्या टोकावर चार दांड्यांचं छप्पर घातलंस आणि दिवसभर तिथे जाऊन बसायला लागलास. खाटेवर निजणं बंद. होळीपासून पहिल्या पुरापर्यंत. दगड पायरीचा होता हे आता सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि तरी कुणी दगडापलीकडे गेलं नाही. तापलेल्या वाळूवर अनवाणी चालणारा तू त्यांना दिसत होतास ना. मी देव खोटा ठरवला, तर त्या जागी तू जाऊन बसलास. अशा माणसाचं काय करायचं?

त्या वर्षी भावडूच्या पट्टीत डांगरं चांगली आली. तू एक घेऊन शाळेत आलास, टेबलावर कापलंस आणि फोड माझ्यापुढे धरलीस.

“खाय मास्तर,” तू म्हणालास. “तुन्हंच रोपेल शे.”

मी खाल्लं. डांगर गोड होतं. तू माझ्याकडे पाहत होतास आणि मी बियांकडे. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. पुढे सात उन्हाळे गेले, आपण पाखरं, पागोटं, लढाई, रॉकेलची टंचाई, सगळ्यावर भांडलो, आणि एवढं एक वाक्य मला सापडलं नाही. पाच अर्ज लिहिणाऱ्या माणसाला.

गंधमुक्तीला, सुतक फिटलं त्या दिवशी, तुझ्या पुतण्याला नवीन पागोटं बांधलं. ब्राह्मणपुरीला दिलेली तुझी लेक रडत होती. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, “काका, दादा तुमच्याविषयीच बोले.” काय बोलायचास ते मी विचारलं नाही. पंगत उठल्यावर गेंदावहिनी आतून एक गाठोडं घेऊन आल्या. तुझं जुनं लाल पागोटं.

“हाई तुम्हनं,” त्या म्हणाल्या. “तेस्नी सांगेल व्हतं, मास्तरले देजो. तो घालाव नही, पन देजो.”

घरी आल्यावर ते मी पुस्तकांच्या कपाटात ठेवलं. कपाटाला त्याचा वास लागला आहे, घामाचा आणि नदीचा. काढून टाकावंसं वाटत नाही, आणि पुस्तक घ्यायला गेलं की तू तिथे असतोस, हेही सहन होत नाही.

तू होळीच्या आठ दिवस आधी गेलास. होळीच्या दिवशी सकाळीच भावडू दारात आला. हातात टोपलं नव्हतं, फावडं नव्हतं. नुसता उभा राहिला.

“मास्तर, औंदा बेटवर कोन बसाव शे?”

मला वाटलं वाडी लावायला परवानगी मागायला आला असेल. पण त्याच्या मागे आणखी चार वाडीवाले उभे होते, आणि त्यांना उत्तर हवं होतं. कुणी बसणार नसेल तर त्यांच्यापैकी कुणालाही रोखता येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. वाळू मोकळी होती. पाखरं येऊन खळगी करायला लागली होती.

“मी,” मी म्हणालो.

भावडूनं माझ्या पायांकडे पाहिलं. मी वहाणा काढल्या. त्यानं मान हलवली आणि चौघांना घेऊन गेला.

तेव्हापासून मी अनवाणी आहे, नथू. माझा कुठल्याही देवावर विश्वास बसलेला नाही, हे तुला सांगून ठेवतो, नाहीतर वकीलसाहेब त्याच्यावरही भाषण करतील. सकाळची शाळा सुटली की मी तुझ्या छपरात जाऊन बसतो. वाळू किती तापते हे तू कधी बोलला नव्हतास. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, “मास्तर, वहाणा?” मी म्हटलं, “पाळणूक आहे.” त्यांनी शेरेबुकात लिहिलं की शिक्षक जुन्या चालीरीतींचे आहेत. वीस वर्षं मी या तालुक्यात सुधारक म्हणून बदनाम होतो. तेही तुझ्या पायी गेलं.

आणि परवा मी तुझं पागोटं बांधलं.

काठावर बांधलं, घरी नाही. नीट जमलं नाही, तीनदा सुटलं. शेवटी सुकानं बांधून दिलं, दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

“मास्तर, नवरदेवना बाप दिखी ऱ्हायनात.”

“होडी काढ,” मी म्हटलं.

पाण्याच्या मधोमध आल्यावर मी त्याला विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. “सुका, मी तुला त्या पायरीचं सांगितलं होतं. ते तू भावडूला सांगितलंस?”

“सांगं. तोंडमा ऱ्हायनं नही,” सुका म्हणाला. मग वल्हं थांबवून म्हणाला, “पन पहिलं नथूभाऊलेच सांगं. त्याच रोज.”

“काय म्हणाला?”

“हसना. म्हने, मास्तरना पोटमा दुखी ऱ्हायनं. दुखू दे. पाखरे तेनीच मले दखाडात.”

मास्तरच्या पोटात दुखतंय, दुखू दे, पाखरं त्यानंच मला दाखवली. म्हणजे डांगराची फोड पुढे करताना तुला सगळं माहीत होतं, आणि त्याच्याही आधी, भावडूनं पहिला खड्डा खणण्याच्या आधीपासून माहीत होतं. मला चोरासारखं सात उन्हाळे तुझ्याबरोबर बसू दिलंस, आणि वर माझ्या पोटदुखीला माफही करून ठेवलंस, मला न विचारता. ही तुझी जुनी खोड. मला एवढं वाक्य बोलायचं होतं, तर त्याचीही गरज ठेवली नाहीस. नथू, यातही तू पुढे गेलास. मी होडीत बसून तुझ्यावर जळत होतो आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. सुकानं माझ्याकडे पाहिलं नाही. चांगला माणूस आहे, पोटात काही राहत नाही एवढंच.

बेटावर उतरलो. दगडाला शेंदूर ताजा होता. मी सुकाकडे पाहिलं, तर तो पाण्याकडे पाहत होता. पायरी आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

मी कुडापर्यंत गेलो. तिथून पुढे एकटाच, तू चालायचास तसा, सावकाश, हात मागे बांधून. डोक्यावर तुझं पागोटं. समोर तीन ठिपकेदार अंडी मला दिसली. पाखरं उठली. आठ-दहा असतील. वर फिरायला लागली, ओरडायला लागली. मी उभा राहिलो. पागोट्यालाच ती ओळखत असतील तर मी जिंकलो होतो, आणि बारा वर्षांचं भांडण तिथेच संपणार होतं. खरं सांगू? मला जिंकायचं नव्हतं. आणि हरायचंही नव्हतं, कारण मग ती तुलाच ओळखत होती असं ठरलं असतं, तुझा चेहरा, तुझी चाल, तुला. माझ्याकडे इतकं कुणी कधी पाहिलेलं नाही.

पहिलं पाखरू सरळ खाली आलं.

मग दुसरं. मग सगळी. पागोट्याचा एक वेढा सुटून माझ्या डोळ्यांवर आला. मी खाली बसलो, हात डोक्यावर घेतले, आणि तशा अवस्थेत वाळूकडे तोंड करून तुझं नाव घेऊन मोठ्यानं म्हणालो की बरं, तू म्हणत होतास तेच खरं. सुकानं ते ऐकलं. तो कुडामागून ओरडला, “वळखं नही तेस्नी, मास्तर! मांगे या!”

मी मागे आलो. अंडी तिन्ही शाबूत आहेत. भावडूची वाडी काठावर आहे, बेटावर वेल नाही. पूर येईपर्यंत मी रोज जाणार आहे, पण टोपी घालून. जी पाखरं मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी मला तुझ्यासारखं दिसण्याची गरज नाही.

पागोटं दोनदा धुतलं. त्यांनी वरून टाकलेला पांढरा डाग निघत नाही.